आल्यात की राहतात

आत्याबाई, मी इंग्रजी शिकायलेय. तुम्ही असता तर पदरानं तोंड झाकून सुनेला हसला असता आणि म्हणाला असता, आधी भाकरी गोल कर. भाकरी काही अजून गोल होत नाही. पण अडुसष्टाव्या वर्षी मला मास्तरीण मिळालीय, बारा वर्षांची, माझी नात, तुमची पणती. शाळेतून आली की दप्तर सोफ्यावर फेकते, चहात उस्मानिया बिस्किट बुडवते, अर्धं बिस्किट कपात पडतं, ते मी चमच्यानं काढून देते, आणि मग ती मला समोर बसवते. माझी वही वेगळी आहे. तिच्या गेल्या वर्षीच्या वहीची मागची कोरी पानं मला मिळालीत, आणि त्याच पानांवर आज तुम्हाला लिहिते आहे. बिनघोर लिहिते, कारण या घरात मराठी वाचणारं कोणी नाही. तुमच्या नातवाला, म्हणजे माझ्या लेकाला, येतं, पण त्याला चष्मा शोधायचा कंटाळा. सुनेला दुकानाच्या पाटीपुरतं येतं. आणि मास्तरीणबाईंना मराठीत स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर वेलांटी कुठल्या बाजूला द्यायची यावर त्या माझ्याशी भांडतात. हैदराबादेत कुकटपल्लीच्या या फ्लॅटमध्ये मराठीत लिहिलेला कागद म्हणजे कुलूप लावलेलं कपाट समजा.

मी तिसरीपर्यंत शिकले हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तर मला हाक मारतानासुद्धा कधी कधी ‘तिसरी पास’ म्हणत होता. ते कौतुकानं की टोमण्यानं, हे मला कधी कळलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायचं नाही आणि मनात संशय धरून बसायचं, ही माझी खोड तेव्हापासूनची. कुणी मला चांगलं म्हणालं तर मी आधी मागं वळून बघते, मागं दुसरं कुणी उभं आहे का. या खोडीपायीच हे पत्र लिहायची वेळ आली, पण ते पुढं येईल.

तर काळ. इंग्रजीत आत्ताच्या गोष्टीला दोन काळ आहेत. नात त्यांना सिंपल आणि कंटिन्युअस म्हणते, मी वहीत साधा आणि चालू असं लिहून ठेवलंय. जे रोजचं आहे, कायमचं आहे, ते साध्यात सांगायचं. सूर्य उगवतो, आजी चहा पिते. जे या घडीला चाललंय, किंवा चार दिवसांपुरतं आहे आणि मग सरणार आहे, ते चालूत. त्याच्या शेपटीला ‘इंग’ लावायचं. मी म्हणलं, नाव ठेवणाऱ्यानं अगदी बरोबर नाव ठेवलं. माणसांचंही तसंच असतं. साधा माणूस काल होता तसा आज असतो, चालू माणसाचं आज एक आणि उद्या एक. नातीला चालू माणूस म्हणजे काय ते कळेना. मग मी खालच्या मजल्यावरच्या एका बाईचं उदाहरण दिलं. ते तिला लगेच कळलं. संध्याकाळी तिनं ते आईलाही समजावून सांगितलं, आणि सून चार दिवस त्या बाईसमोर लिफ्टमध्ये खाली मान घालून उभी राहत होती.

एकदा नात खोलीतून ओरडली, आजी, मिल्क इज बॉइलिंग ओव्हर. मी पेन्सिल उचलली आणि वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, पुस्तकातलं वाक्य आहे. लिहून होईस्तोवर दूध ओट्यावरून फरशीवर आलं होतं. नात म्हणाली, आजी, कंटिन्युअस ऐकलं की लिखना नक्को, उठना. ते मी लक्षात ठेवलं. चालू काळ कानावर आला की उठायचं. पुढं ते मला नको तिथं आठवलं.

पण मला हा काळ पक्का कळला तो तुमच्या बोलीमुळं. ‘दूध उतू जात आहे’ असं पुस्तकात असतं, आपल्यात कोण बोलतंय तसं. आपण म्हणतो, दूध उतू जायलंय. पोरगं खेळायलंय. पाहुणे जेवायलेत. देगलूरकडून लग्न होऊन मी याच शहरात अंबरपेठेत आले तेव्हा आपल्या गल्लीत पुण्याकडचं एक बिऱ्हाड होतं. त्या घरच्या बाई मी ‘काय करायलाव’ विचारलं की नवऱ्याला हाक मारून ते ऐकायला लावायच्या. तेव्हापासून मी चारचौघांत ते ‘आयलंय’ गिळत आले. आता इतक्या वर्षांनी ते कामाला आलं. मी नातीला म्हणलं, बेटा, तुझं ‘इंग’ आहे ना, ते माझं ‘आयलंय’. ईटिंग म्हणजे खायलंय, गोइंग म्हणजे जायलंय. ती खुर्चीवर उभी राहिली. आजी, तू तो जिनियस है, म्हणाली. मी मागं वळून बघितलं, मागं भिंत होती. म्हणजे मलाच म्हणाली. तो दिवस माझा फार चांगला गेला, आत्याबाई. रात्रीच्या वरणात मीठ दोनदा पडलं तरी कुणी काही बोललं नाही.

इथवर नुसता आनंद होता. पण शिकलं की माणसाचे कान तिखट होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याचं असं झालं. मी इथं आले त्याला दोन वर्षं होऊन गेली. डोळ्याच्या ऑपरेशनला आले होते. अंबरपेठेचं घर, तुमचंच ते दोन खोल्यांचं, कुलूप लावून ठेवलं आणि किल्ली कमरेच्या पिशवीत. एका निळ्या बॅगेत चार लुगडी, दोन झंपर, देवाचा छोटा डबा. येताना मीच म्हणलं होतं, थोडे दिवस राहीन. पहिला डोळा झाला, मग दुसरा झाला, मग उन्हाळा आला, मग नातीची परीक्षा. बॅग कपाटावर ठेवलेली तशीच राहिली. लागेल ते लुगडं काढायचं, धुवून वाळवून परत बॅगेत. मला जायचं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. तुमचा लेक गेल्यापासून अंबरपेठेत दार लावलं की त्या घरात मी एकटी आणि नळाचं पाणी. इथं सकाळी कुकरच्या शिट्ट्या, नातीचा एक मोजा हरवलेला, सून एका हातानं वेणी घालत दुसऱ्या हातानं डबा भरतेय. मला इथंच राहायचं होतं. पण मागून राहिलं तर ते राहणं कसलं. कुणीतरी आपणहून म्हणावं, अशी मी वाट बघत होते.

मग एके दिवशी तुमचा नातू फोनवर कुणा नव्या साहेबाला घरची माहिती सांगत होता. मी तिथंच शेंगा निवडत बसले होते. आधी मी नुसतं ऐकायची, आता मला कळतं. तो म्हणाला, माय वाइफ वर्क्स इन अ बँक. वर्क्स. साधा. मनात म्हणलं, बरोबर. मग म्हणाला, माय डॉटर स्टडीज इन सेव्हन्थ. स्टडीज. साधा. शाब्बास पोरा. आणि मग म्हणाला, माय मदर इज स्टेइंग विथ अस.

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. बायको साध्यात, पोरगी साध्यात, आणि आई चालूत. चार दिवसांपुरती, मग सरणारी. चालू काळ ऐकला की उठायचं, असं मला शिकवलं होतं. मी उठले आणि आत जाऊन बॅगेची चेन बघून आले, व्यवस्थित लागते का ते.

एकदा संशय आला की तो एकटा बसत नाही, सोयरे बोलावतो. मला मागचं सगळं दिसायला लागलं. सून बँकेतून येते ना, ती दारात चप्पल काढायच्या आधी माझ्या खोलीत डोकावते. माझ्याकडं नाही बघत, वर कपाटाकडं बघते. बॅगेकडं. बघते आणि मग चप्पल काढते. हे मी कितीदा पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. आता मला त्याचा अर्थ लागला, की अजून गेली नाही का म्हातारी. मग एकदा ती मैत्रिणीशी तेलुगूत बोलत होती. अंबरपेठेत इतकी वर्षं भाजी काय मी फुकट आणली का, तेवढं तेलुगू मला कळतं. म्हणाली, अत्तय्या वेळ्ळिपोतारु. सासूबाई निघून जातील. आणि एका रविवारी ती मोजायची टेप घेऊन आली आणि माझ्या पलंगामागची भिंत मोजली, आडवी आणि उभी. मी विचारलं, काय करायलीस. म्हणाली, काही नाही आई, असंच. असंच कुणी भिंती मोजतं का, तुम्हीच सांगा.

मी मास्तरणीला आडून विचारलं. म्हणलं, स्टेज विथ अस आणि इज स्टेइंग विथ अस, यात फरक काय गं. तिनं पट्कन सांगितलं, एक परमनंट, एक टेंपररी. मग मी म्हणलं, तुझ्या पप्पांना हे माहीत असेल ना. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, आजी, पप्पा को तो इंग की बीमारी है. आय एम हॅविंग वन डॉटर म्हणतात. आय एम नॉट नोइंग म्हणतात. अगं, नो ला इंग लागतच नाही, हॅव लाही असं लागत नाही, जे असतंच त्याला इंग कायकू लगाना. तिच्या मिस म्हणतात, हैदराबादेत निम्म्या लोकांना ही बीमारी आहे. ती असं सांगत होती आणि मी मान हलवत होते, पण माझं मन काही हललं नाही. आजार असता तर बायकोलाही लागला असता. वर्क्स कसं नीट निघालं तोंडातून. त्या दिवसापासून सकाळच्या पोळ्या माझ्या, असं मी ठरवून टाकलं. पाहुणी बसून खाते, घरचं माणूस उठून करतं. सून म्हणायची, आई, झोपा ना जरा. मला वाटायचं, बघा, कामाला हातसुद्धा लावू देत नाही.

आता तुमच्याकडं येते, आत्याबाई. खरं तर तुमच्याकडंच यायचं होतं, वाटेत थांबत आले.

मामंजी गेले आणि तुमचा लेक तुम्हाला गावाकडून घेऊन आला, ती दुपार मला दिसते. तुम्ही उंबऱ्यात उभ्या आहात, हातात जाड्याभरड्या कापडाची पिशवी आहे, तिचं तोंड लाल धाग्यानं शिवल्यासारखं बांधलेलं. मी पंचविशीची, कडेवर पोरगं. दोन खोल्या, त्यातली एक म्हणजे स्वयंपाकघरच. मी पिशवी घेतली आणि खुंटीला अडकवली. त्याच वेळी शेजारची खाला, सगळ्या गल्लीची मावशी, भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, क्या, सास आई क्या? मी म्हणलं, हौ, आए हैं. तेव्हा ते बरोबरच होतं. तुम्ही आलाच होता. पण पुढच्या वर्षी कुणी विचारलं, तेव्हाही मी म्हणलं, आत्याबाई आल्यात. त्याच्या पुढच्या वर्षीही. आल्यात गावाकडनं. आल्यात थोडे दिवस. पोराचं मुंजीचं वय झालं, तरी तुम्ही माझ्या तोंडात येतच होता. तुम्ही माझ्या पोराला न्हाऊ घालत होता, माझ्या आधी उठत होता, अंबाडीची भाजी तुमच्यासारखी मला आजही जमत नाही, आणि मी दारात उभी राहून गल्लीला सांगत होते की आल्यात.

राहतात असं मी का म्हणत नव्हते ते मला तेव्हाही माहीत होतं. तोंडातून गेलं की खरं होईल, असं वाटायचं. ती चूल एवढीच होती, तिच्यापुढं बसायला एकच पाट होता, आणि मला तो एकटीचा हवा होता. म्हणून मी तुम्हाला बारा महिने चालू काळात ठेवलं.

तुम्ही एकदाच बोललात. तुम्ही अंगणात अंबाडी निवडत बसल्या होता, गल्लीत नवी आलेली एक बाई चौकशीला आली होती, आणि मी सवयीनं म्हणून गेले, आत्याबाई आल्यात आमच्या. ती गेल्यावर तुम्ही मान वर केली नाही, हातातलं पान तोडता तोडताच म्हणालात, “अगं तिसरी पास, अकरा वर्सं झाली. म्या अजून यायलेच का? पोचले न्हाई व्हय?”

मी काय केलं, तर दूध बघायला आत गेले. चुलीवर दूध नव्हतं.

तुमची ती पिशवी खुंटीवरच असायची. लुगडं काढायचं, धुवून परत तिच्यात. मला वाटायचं, तुम्हाला नीटनेटकं राहायची सवय आहे. माझी आई मला म्हणालीसुद्धा होती, तुझी सासू किती टापटीप, सगळं पिशवीत. त्याचं कारण काय हे मला गेल्या आठवड्यात कळलं, कपाटावरची निळी बॅग बघताना.

तर गेल्या आठवड्यातली गोष्ट. शनिवार होता, सगळे घरी. नातीला शाळेतून इंग्रजीचा कागद दिला होता, रिकाम्या जागा भरायच्या. एका वाक्यात होतं, माय ग्रँडमदर, मग रिकामी जागा, मग विथ अस. कंसात लिव दिलेलं. ती पेन्सिल चावत म्हणाली, मिस म्हणाल्यात, इथं लिव्ज पण बरोबर आणि इज लिविंग पण बरोबर, तुमच्या घरी खरं काय आहे ते लिहा. आणि मग माझ्याकडं वळून, भाजीवालीला भाव विचारावा तितक्या सहज, मोठ्यानं विचारलं, “आजी, तू जायलीस की राहतीस?”

माझ्याच बोलीत विचारलं पोरीनं, मीच शिकवलेल्या. मी वाट बघत होते ना, दोन वर्षं, की दुसऱ्या कुणीतरी सांगावं. तुमचा नातू फोनमध्ये बघत होता, त्याचं बोट थांबलं. स्वयंपाकघरात पोळी लाटायचा आवाज थांबला. मनात म्हणलं, आता कळेल. आता पोरगं म्हणेल, इज लिविंग लिही. मी पदर खोचून उठायच्या तयारीत बसले.

सून बाहेर आली, दोन्ही हात पिठाचे. नातीला म्हणाली, मला नको विचारू, पप्पांनाही नको विचारू, आजींनाच विचार. दोन वर्षं झाली, बॅग बांधून ठेवलीय त्यांनी. आणि मग माझ्याकडं बघून, जरा रागानंच म्हणाली, “आई, मी रोज बँकेतून आले की आधी ती बॅग बघते. आहे का गेली.”

मग एकदम सगळं बोलून मोकळी झाली. म्हणाली, खाली बायकांना तुम्ही काय सांगता ते मला कळतं. आलेय पोराकडं म्हणता. राहायलेय थोडे दिवस म्हणता. दोन वर्षं थोडे दिवसच चाललेत. मी मैत्रिणीला म्हणलं, माझी सासू एक दिवस निघून जाईल, आणि माझी पोर शाळेतून रिकाम्या घरात येईल. आणि सकाळी उठून पोळ्या करत बसता, जसं काही आमचं फेडून जायचंय.

तुमचा नातू हळूच म्हणाला, आई, मी फोनवर काय सांगणार, तूच म्हणतेस राहायलेय. मी फक्त इंग्रजी केलं.

आत्याबाई, मी शिकलेली बाई असून हे मला कळलं नव्हतं. त्यानं माझंच ‘आयलंय’ उचललं आणि त्याचं ‘इंग’ केलं. मी दोन वर्षं ज्या शब्दाचा संशय घेत होते तो माझ्याच तोंडचा होता. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, ती दोघं माझ्या. आणि वर कपाटावर ती बॅग, तिच्याकडं सगळेच.

मी नातीच्या हातातली पेन्सिल घेतली. म्हणलं, मी लिहिते. मला मोठी अक्षरं येतात, छोटी अजून नीट येत नाहीत. एल, आय, व्ही, ई. मला वेळ लागला. सगळे उभे राहून बघत होते, जसं काही मी दस्तावर सही करतेय. तुमचा नातू म्हणाला, एस विसरू नको, एस लावलास तरच मुक्काम पक्का. मी म्हणलं, तू तुझी बीमारी सांभाळ. एस लावला. उलटा पडला होता, नातीनं खोडून सुलटा करून दिला. सोमवारी कागद परत आला तर मिसनं त्या जागेवर लाल पेनानं बरोबरची खूण केली होती. तिसरीनंतर मला पहिल्यांदा बरोबरची खूण मिळाली. तो कागद मी मागून घेतलाय. दिवसातून दोनदा तरी बघते.

सुनेनं स्टुलावर चढून बॅग खाली काढली. लुगडी कपाटात गेली. अंबरपेठेच्या घराची किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर, या घरच्या किल्ल्यांबरोबर. टेपचं मात्र मी अजून विचारलं नाही. भिंत का मोजली असेल, काहीतरी असेलच. बघू.

पण हे सगळं झालं त्या दुपारी मी दार लावून जरा वेळ पडून राहिले, ते तुमच्यासाठी. मला तुमची परवानगी नको की माफी नको, ती मागायला मी फार उशीर केलाय. फक्त एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी नोंद करणारा माणूस दारात आला होता. त्यानं वही उघडून विचारलं, म्हातारी इथं पाहुणी होती का इथंच राहायची. शेजारची खाला माझ्या बाजूला उभी होती. मी म्हणलं, आमच्यातच राहत होत्या. खालानं नुसतं माझ्याकडं बघितलं. तुमच्याबद्दल राहतात असं मी एकदाही म्हणलं नाही, आत्याबाई. पहिल्यांदा म्हणलं ते राहत होत्या.

मग मी खुंटीवरची पिशवी काढली. आत दोन लुगडी, घडी कडक, आणि तुमचं स्वतःचं पितळी भांडं, पाहुण्याकडं जाताना आपलं आपलं नेतात तसं. पाणी मात्र तुम्ही माझ्याच भांड्यातून प्यायच्या. ते पितळी भांडं आता नातीच्या टेबलावर आहे, ती त्यात पेन्सिली ठेवते. तिला मी सांगितलंय, हे तुझ्या पणजीचं, त्या आमच्यात राहतात. तिनं लगेच पकडलं, आजी, राहतात नाही, राहायच्या. पास्ट आहे ना. मी म्हणलं, असू दे, माझं व्याकरण कच्चं आहे.

हे पत्र कुठं पाठवणार, घडी करून त्या निळ्या बॅगेत ठेवते. सुनेला मी सांगितलंय की बॅग रिकामी आहे.

आणि आणखी एक, लिहायचं नव्हतं पण लिहिते. काल संध्याकाळी खाली बाकावर बसले होते. तिसऱ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय, त्या घरची बाई शेजारी येऊन बसली. तिनं विचारलं, आप यहीच रहते क्या? आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, नै, बेटे के पास आई हूँ. एस लावून, लाल खूण मिळवून, तरी जीभ तिकडंच वळली. कळेपर्यंत ती नातवंडाच्या मागं निघून गेली होती. उद्या खाली गेले की आधी तिला गाठून ते दुरुस्त करणार आहे. तुमचं मी उद्यावरच ठेवत गेले.